तोंड नसलेली जखम

काशिनाथ,

गेल्या आठवड्यात चाळीच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. बोलणारे पुष्कळ होते. मी मागे, नळाजवळच्या कठड्याला टेकून उभा होतो. प्रत्येकाने तुझ्याबद्दल चांगलेच सांगितले आणि फिरून फिरून सगळे एकाच वाक्यावर आले : स्वतःची जखम न पाहता काशिनाथने इतरांच्या जखमा बांधल्या. लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला मात्र रडू आले नाही. इतका संताप आला की सभा संपायच्या आत मी निघालो आणि परळहून गिरगावपर्यंत पायी गेलो. वाटेत कुणाशी तरी भांडण व्हावे असे वाटत होते. हे ऐकून तू हसला असतास. ट्रामच्या कंडक्टरशीसुद्धा मी कधी आवाज चढवून बोललेलो नाही.

हा संताप बोलणाऱ्यांवर आहे असे मला बराच वेळ वाटत होते. फणसवाडीत शिरताना कळले की तो तुझ्यावर आहे. म्हणून लिहायला बसलो. माणूस गेला की त्याला सगळे माफ, हे मला मान्य नाही. तुलाही ते कधी मान्य नव्हते.

तुझ्याशी मी अर्धे आयुष्य वाद घातला आणि तो बहुतेक शब्दांवरून. तू परळच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवायचास, मी गिरगावातल्या छापखान्यात मुद्रिते तपासायचो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा वाढल्या तशी पळापळही वाढली. सभा सुटताना कुणाचे गुडघे फुटत, कुणाच्या डोक्याला दगड लागे. लोकांचे उपाय ठरलेले होते : चुना, विडीची राख, तंबाखूची चिमूट, आणि माणूस गिरणीतला असला तर खात्यात जमिनीवर पडलेला कापूस. तेल आणि धूळ प्यालेला तो कापूस जखमेत कोंबून माणसे पाळी संपेपर्यंत उभी राहत. तुला ते बघवेना. व्यायामशाळेची खोली मागून घेऊन तू रविवारी प्रथमोपचारांचा वर्ग सुरू केलास आणि धड्यांना मराठी शब्द हवेत म्हणून मला त्यात ओढलेस.

पहिल्याच धड्याला आपले बिनसले. मी 'त्वचा' लिहिले होते. तू कागद माझ्याकडे परत सरकवलास.

"माझ्या आज्यानं गावचा बैल सोलला, ती कातडी. आणि पंत, तुझ्या अंगावर असते ती त्वचा?"

शब्द संस्कृतातून आला, त्यात माझा काय दोष, असे काहीतरी मी म्हणालो.

"दोष नाही रे. पण त्वचा म्हटलं की वर्गातल्या बाईला वाटतं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. कातडी म्हण, तिचा हात आपसूक स्वतःच्या मनगटावर जातो."

कातडी म्हणजे जनावराची, माणसाला तसे म्हटलेले तुझ्याच लोकांना लागेल, असा माझा मुद्दा होता. लाज सोलणाऱ्याला कशाला, सोलायला लावणाऱ्याला वाटू दे, असे तुझे उत्तर. तुझा आवाज तेव्हा जरा वर गेला होता. मग मी त्वचा लिहायचे आणि तू खोडायचेस, हे चालूच राहिले. वर्गात तू त्यातून वाट काढलीस. फळ्यासमोर उभा राहून सांगायचास, "त्वचा, म्हणजे पंतांची कातडी." सगळे हसायचे. मीही हसायचो. पण तो वाद मी हरलो असे मी कधी कबूल केलेले नाही, आणि आता तू नसताना ते कबूल करण्यात काही अर्थही नाही.

शिकवण्याची तुझी रीत मात्र निराळीच होती. चित्रे नव्हती, तर तू व्यायामशाळेच्या भिंतीलाच नख लावलेस आणि एक पापुद्रा ओढून काढलास. हा वरचा चुन्याचा हात, म्हणालास. झडतो, पुन्हा येतो. यात रक्त नाही. नुसता हा खरवडला तर पांढरी रेघ दिसते, बाकी काही नाही. मग चमच्याच्या देठाने आणखी खोल गेलास. हा गिलावा. माणसाच्या गिलाव्यात रक्ताच्या बारीक नळ्या असतात, दुखणे कळवणाऱ्या तारा असतात, घामाच्या पिशव्या, केसांची मुळे. त्याच्याखाली चरबीची गादी आणि तिच्याखाली मांस. चुना गेला तर घाबरू नका, पण गिलाव्याला भेग पडली की ओल आत शिरते. चाळीतल्या बायकांना ओल म्हणजे काय हे सांगावे लागले नाही. भाडे वसूल करायला येणाऱ्या मेहताजींनी ते भोक पाहून तुला जाब विचारला, तेव्हा भिंतीवर प्रथमोपचार चालू आहेत, असे तू त्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलेस.

वर्गात सुरुवातीला सगळे तुझ्या हाताखाली आले नव्हते, हे मला आठवते. तू आणि वहिनींनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याने तुमच्या घरातले देव गेले, पण चाळीतल्या लोकांच्या डोक्यातले काही जायला तयार नव्हते. पट्टी बांधायचा सराव करताना काही जण हात पुढे करायचे नाहीत. आधी दुसऱ्यावर दाखवा, म्हणायचे. तू दुसऱ्यावर दाखवायचास.

माझ्या घरी तरी वेगळे काय होते? माझे वडील, नाना, मोरीत घसरले आणि फुटक्या फरशीने त्यांची पोटरी फाटली, तेव्हा मी तुला बोलावून आणले. तू दारात दिसताच नानांनी धोतर ओढून पाय झाकला. रक्त धोतरातून झिरपत होते. तू त्यांच्यासमोर उकिडवा बसलास.

"नाना, जखम तुमची, फडकं तुमच्याच घरातलं, पाणी तुमच्याच नळाचं. माझे फक्त हात आहेत. बघा, चालतात का."

नानांनी धोतर बाजूला सारले आणि पाय पुढे केला. तू उकळून निववलेल्या पाण्याने जखम धुतलीस, फाटलेल्या कडा जुळवल्यास, घडी दाबून धरलीस, पाय उशीवर ठेवायला लावलास आणि टाके घालायला दवाखान्यात पाठवलेस. तू गेल्यावर नानांनी आंघोळ केली की नाही, हे तू मला कधी विचारले नाहीस आणि मीही कधी सांगितले नाही. आज सांगतो. केली नाही. पाय भिजवायचा नाही असे तू बजावले होतेस. तेवढे निमित्त त्यांना पुरले. त्या दिवसापासून मी तुझा किती ऋणी आहे हे तुला कळले असेल असे मी धरून चाललो होतो. माणसे अशीच धरून चालतात.

जखमांचे प्रकार तू माणसांसारखे सांगायचास. सुरीने कापलेली सरळ ओठांची, बोलून मोकळी होणारी. फाटलेली वेडीवाकडी. खरचटलेली उथळ, पण सगळ्यात मळकी. खिळा किंवा दाभण शिरल्याची बारीक तोंडाची, लबाड. वरून पटकन मिटते आणि आत पू धरते. आणि शेवटी मुका मार. हा शब्द तुझा फार लाडका होता. "बघ पंत, जखमेला तोंड असतं असं आपण म्हणतो. ज्या माराला तोंड नाही, तो मुका. कुणा अडाणी बाईनं केलेला शब्द. तुझ्या कोशवाल्यांना जन्मात सुचला नसता." या एका शब्दावर आपला वाद झाला नाही. वर कातडी शाबूत, आत नळ्या फुटलेल्या, रक्ताला बाहेर यायला वाट नाही. म्हणून सूज, म्हणून काळेनिळे. गार पाण्याची घडी ठेवा, शेकू नका, चोळू नका.

पण हा शब्द लोक कसा वापरतात ते तू कान देऊन ऐकले नाहीस. तो माझा धंदा होता. आपल्याकडे कुणीही नुसते 'मुका मार आहे' असे म्हणत नाही. म्हणतात, मुका मारच आहे. त्या 'च'मध्ये सगळे आले. रक्त नाही ना? मग काही नाही. उठा, कामाला लागा. मुद्रितात असा 'च' दिसला की मी त्याच्यापाशी थांबतो, कारण तो पुढचा प्रश्न बंद करतो.

आता त्या डागाबद्दल. तो मला टाळता येत नाही.

तुझ्या पोटावर डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली, आडवा, चकचकीत डाग होता. वर्गात भाजण्याचा धडा आला की तू सदरा वर करून तो दाखवायचास. लहानपणी कोकणात तुला हिवताप होता, पोट फुगले होते, पांथरी, म्हणजे माझ्या शब्दांत प्लीहा, वाढली असे कुणीतरी सांगितले आणि कोयता तापवून तुला डागण्या दिल्या. बघा, म्हणायचास, चुना आणि गिलावा दोन्ही जळाले, म्हणून इथे केस नाहीत, घाम नाही, टोचलेले कळत नाही. धीट बायका बोट लावून बघायच्या. पांथरीसाठी डाग, हे तू प्रत्येक वेळी सांगितलेस. पांथरी कुठे असते, कशी असते, पुढे तिचे काय होते, हे एकदाही सांगितले नाहीस. ते तुझ्या धड्यात नव्हते. तुझा धडा कातडीचा होता आणि तो डाग तुझ्या लेखी कातडीवरचा होता. त्याच्याखाली काय आहे हे शरीरशास्त्राच्या शिक्षकाने स्वतःला विचारले नाही. हे मला अजून गिळता येत नाही, काशिनाथ.

त्या दुपारी लालबागला सभेनंतर लोक एकदम पळाले. का पळाले हे प्रत्येक जण वेगळे सांगतो. आपले उपचारांचे ठाणे एका चाळीच्या ओट्यावर होते. मी उकळलेल्या पाण्याची किटली धरून उभा होतो आणि तुझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, गिरणीच्या वाइंडिंग खात्यातली इंदू, पट्ट्या फाडत होती. तू गल्लीतून आलास तेव्हा सदऱ्याला धूळ होती, रक्त नव्हते. गर्दीच्या रेट्यात तू उलट्या हातगाडीवर फेकला गेलास आणि तिचा दांडा बरगडीखाली लागला, असे तूच सांगितलेस. इंदू म्हणाली, मास्तर, बसा. तिने समोरच्या दुकानातला चहा तुझ्या हातात दिला. तू तो उभ्यानेच प्यालास आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्यास.

समोर रांग होती. एकाच्या टाळूतून रक्त वाहत होते आणि तो आता मरतो असे त्याला वाटत होते. डोक्याची कातडी रक्ताला उदार असते, दिसते तेवढे ते भयंकर नसते, असे त्याला समजावत तू घडी दाबून बसलास. एका मुलीच्या गुडघ्यातले खडे तू एकेक करून काढलेस. मी पाणी ओतत होतो, म्हणून तुझा चेहरा मला जवळून दिसत होता. तो राखेसारखा झाला होता. ओठावर घाम होता आणि तो उन्हाचा घाम नव्हता. मी तुला विचारले.

"मुका मारच आहे रे, पंत. तू पाणी ओत."

आणि मी ओतले. मी इथे स्वतःला बोल लावायला बसलेलो नाही. तुझ्या शब्दावर आम्ही सगळे उभे होतो. या बाबतीत ज्याचे ऐकायचे तो माणूस तू होतास. म्हणूनच माझा राग तुझ्यावर आहे. आम्हाला तू शिकवलेस की कातडी धड दिसते म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नका, आणि स्वतःच्या कातडीवर तू डोळे मिटून विश्वास ठेवलास.

का, यावर मी खूप विचार केला आहे. एक तर त्या दिवसांत रक्ताला मान होता. प्रत्येक भाषणात रक्त सांडायची भाषा होती. रक्ताने भिजलेला सदरा घालून लोक नाक्यावर उभे राहत आणि बाकीचे त्यांना वाट देत. डोकी फुटलेल्या माणसांच्या समोर, अंगावर एक ओरखडा नसताना, मला बरे वाटत नाही म्हणून आडवे व्हायचे? तुला लाज वाटली. आणि दुसरे कारण मला त्या ओट्यावरच दिसले होते. पूर्वी ज्यांनी तुझ्यापुढे हात केले नव्हते, त्यांतलेही काही त्या रांगेत होते. ते आज हात, पाय, डोके तुझ्या स्वाधीन करत होते. ती रांग सोडून बसणे तुझ्याने झाले नाही. हे मला समजते. समजल्याने राग कमी होत नाही, उलट तो कुठे ठेवायचा ते कळेनासे होते. कारण ज्यांनी तुला इतकी वर्षे त्या रांगेची वाट पाहायला लावली, त्यांतलेच काही शोकसभेच्या व्यासपीठावर होते.

पुढचे मला वहिनींनी सांगितले. घरी गेल्यावर तुझे पोट थोडे आणि डावा खांदा फार दुखत होता. खांद्याला तर काही लागलेच नव्हते. पाण्याच्या बादल्या उचलून अवघडला असेल, म्हणालास. वहिनी खांदा दाबत राहिल्या. तुला सारखी तहान लागत होती, त्या पाणी देत राहिल्या. शेजाऱ्यांनी आंबेहळदीचा गरम लेप आणला. एका मालीशवाल्याने बरगडीखाली तेल लावून चोळले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, हाड शाबूत आहे म्हणाले, मुका मारच आहे म्हणाले आणि चोळायच्या तेलाची बाटली दिली. ज्याला जे येत होते ते त्याने प्रेमाने केले आणि त्यातले एकूण एक चुकीचे होते. तू खाटेवर पडून ते करू दिलेस. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायला उठलास आणि मोरीच्या उंबऱ्यात कोसळलास.

इस्पितळात आम्ही पोचलो तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तुझा सदरा कापला, पोट चाचपले आणि त्या डागावर बोट ठेवून तुझ्या आईला विचारले, "हा कसला?"

"पांथरीचा," आई म्हणाल्या. "मीच धरला हुता त्याला."

डॉक्टरांनी मान खाली घातली. नंतर मला व्हरांड्यात नेऊन त्यांनी समजावले. वारंवार हिवताप झालेल्या माणसाची पांथरी मोठी आणि नाजूक राहते. थोड्या धक्क्याने फाटते. मग रक्त पोटात साठत जाते. बाहेर थेंब दिसत नाही. खांद्याचे दुखणे तिचेच होते. आदल्या संध्याकाळी आणले असते तर, एवढे म्हणून ते थांबले, आणि मी त्यांना वाक्य पुरे करायला लावले नाही.

तेव्हापासून आई मला एकच विचारतात : त्यो डाग दिला म्हणून फुटली काय रं? मी सांगतो, नाही, डाग कातडीवरच राहिला, आत पोचलाच नाही. त्यांना ते पटत नाही. तू भिंतीला नख लावून त्यांना दाखवले असतेस. मला ते येत नाही. हे कामही तू माझ्यावर टाकून गेलास.

शोकसभेनंतर चाळ कमिटीचे बाळारामदादा माझ्याकडे छापखान्यात आले. वर्गाला तुझे नाव द्यायचे ठरले होते. दारावर पाटी लागणार होती आणि तिच्यावर ते वाक्य : स्वतःची जखम न पाहता इतरांच्या जखमा बांधणारा. ते नीट शुद्ध मराठीत मी लिहून द्यावे, अशी त्यांची विनंती. माणूस चांगला आहे, तुला ठाऊक आहे. तिरडीचे सगळे त्यांनीच पाहिले. मी त्यांना म्हणालो की नाव लावा, हे वाक्य लावू नका. त्या दारातून आत येणारा प्रत्येक नवा माणूस पहिला धडा तोच वाचेल की स्वतःची जखम बघायची नसते. काशिनाथ त्याच धड्याने मेला.

"अहो पंत, माणूस गेल्यावर त्याच्या चुका सांगतात का? तुमच्या फणसवाडीत असेल रीत. आमच्यात नाही."

मी म्हणालो, चुका सांगण्यासाठीच तर त्याने वर्ग काढला होता. दादा उठले. तुमच्या मित्राला मोठं म्हणायला तुमची जीभ रेटत नाही, आम्ही काय समजायचं ते समजलो, असे म्हणून गेले. जिन्यावरून त्यांनी पुन्हा वर बघून सांगितले की पाटी रंगाऱ्याकडे गेली आहे, तुम्ही लिहिलं नाही तर तो त्याच्या मनाने लिहील.

खरे सांगतो, तेव्हा मला वाटले की सोडून द्यावे. पाटीवरच्या एका वाक्याने काय होते? मग आठवले की एका 'च'ने काय झाले.

काल रविवार होता. वर्ग भरला. स्टुलावर तुझा फोटो होता, हार होता. दादांनी सगळ्यांना उभे करून शांतता पाळायला लावली. मग मी फळ्यापाशी गेलो. आजवर मी तिथे कधी उभा राहिलो नव्हतो. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. आजचा धडा मुक्या माराचा, असे सांगितले. मार पोटावर किंवा बरगडीवर असेल तर रक्त शोधत बसू नका. चेहरा बघा, कपाळाला हात लावा, गार घाम आहे का. नाडी बारीक आणि घाईची आहे का. तहान तहान करतो का. पोट कडक आहे का. न लागलेला खांदा दुखतो का. त्याला चालवू नका, आडवे करा, पाय उशीवर घ्या, पांघरूण घाला. तोंडात काही घालू नका, चहा नाही, पाण्याचा घोटही नाही. चोळू नका, शेकू नका. तो नको म्हणाला तरी गाडी बोलवा. हे सगळे त्या दिवशी काशिनाथला होत होते, मी म्हणालो. त्याने ते पाहिले नाही. तो चुकला.

खोलीत कुजबुज झाली. दादा दाराशी उभे होते. "पंत, पुरे. बसा खाली," ते म्हणाले. तेवढ्यात मागे बायकांमध्ये बसलेल्या वहिनी उठल्या. त्या यापूर्वी कधी वर्गाला आल्या नव्हत्या. तुमचा रविवार जगाचा, आमच्या वाट्याला सोमवार, असे तुला बोलायच्या. त्या मधोमध आल्या, पदर कमरेला खोचला, हातांनी साडी झटकली, धूळ झटकावी तशी, आणि पट्ट्या ठेवलेल्या टेबलापाशी जाऊन इंदूसमोर उभ्या राहिल्या.

"हातगाडीचा दांडा लागला गं," वहिनी म्हणाल्या. "आण ती पट्टी इकडे."

इंदूला काही कळेना. मग कळले. तिचा चेहरा मला अजून दिसतो आहे.

"मास्तर, बसा," ती म्हणाली. अगदी त्या दिवशीसारखे.

"मुका मारच आहे. पट्टी आण."

"असू दे मुका. आधी आडवं व्हा."

"लोक थांबलेत बाहेर."

"थांबू देत त्यांना."

"मी सांगतो ना तुला, काही नाही मला."

"तुम्ही काय सांगता त्यावर नाही आता," इंदू म्हणाली. तिने वहिनींच्या हातातली पट्टी काढून घेतली, त्यांना दंडाला धरून सतरंजीवर निजवले, पायांखाली कुणाची तरी पिशवी सरकवली आणि मनगटावर तीन बोटे ठेवली. एका बाईने सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने कोपराने दूर सारला. मान वर न करता म्हणाली, "दादा, टॅक्सी बघा."

बाळारामदादा वळले आणि दोन पायऱ्या उतरले. मग थांबले. कठडा धरून तिथेच उभे राहिले. वर आले नाहीत. पाटीचे काय करणार आहेत, ते मला अजून माहीत नाही.

वहिनी छताकडे बघत पडल्या होत्या. डोळ्यांच्या कडेतून पाणी कानांकडे ओघळत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"झालं गं," थोड्या वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उठू दे मला आता."

इंदूने मनगट सोडले नाही.